विश्लेषण : प्रकल्प मुलांचा, धावपळ आई-बाबांची… असे का होते?

रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : 'उद्याच्या प्रकल्पाचे प्रिंटआउट कुणाकडे आहेत का?' मुलाने स्वतः करून शिकावे म्हणून दिलेला प्रकल्प घरातली मोठी माणसे पूर्ण करतात. याला पालकांची हौस किंवा मुलांचा आळस इतकेच कारण नाही. मूळ दोष प्रकल्पाच्या आखणीत आहे.

चांगल्या उपक्रमात काय असावे लागते?

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील एडिथ कोवन विद्यापीठातील रॉन ऑलिव्हर आणि जॅन हेरिंग्टन यांनी २००१ च्या सुमारास ऑनलाइन शिक्षणासाठी एक सोपी चौकट मांडली. तिचे तीन भाग आहेत : काम, साधने आणि आधार. मुलाने नेमके काय करायचे, कशाच्या मदतीने करायचे आणि अडल्यास त्याला कोण, कशी मदत करणार? ही चौकट वर्गातल्या उपक्रमालाही तितकीच लागू पडते.

आपल्याकडे काय कमी पडते?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती आणि शोधातून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१७ मध्ये 'दीक्षा' मंच आला आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. म्हणजे साधनांवर भर दिला गेला. काम मात्र अनेकदा 'पाण्याचे महत्त्व : माहिती व चित्रे गोळा करा' एवढेच असते. यात चित्रे चिकटवण्यापलीकडे विचार करायला जागा नाही. आधाराचा तर उल्लेखही नसतो.

मग उपक्रम कसा आखायचा?

विषय पाण्याचाच ठेवू. सातवीच्या मुलांना प्रश्न द्या : गळक्या नळातून दिवसाला किती पाणी वाया जाते? साधने तीनच : मोजपात्र, घड्याळ आणि वही. १० मिनिटांत १५० मिलिलिटर पाणी जमले, तर तासाला ९०० मिलिलिटर आणि दिवसाला २१.६ लिटर होते. हे उत्तर इंटरनेटवर सापडणार नाही, कारण प्रत्येक नळ वेगळा. नंतर ते पाणी झाडांना घालता येते.

आधार म्हणजे उत्तर सांगणे का?

नाही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांचा १९७६ चा अभ्यास इथे उपयोगी आहे. तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा होता. शिकवणारी व्यक्ती मुलाला जमेल तेवढे त्यालाच करू देई आणि अडेल तिथेच मदत करी. अशा मदतीला त्यांनी बांधकामावरच्या परांचीचे नाव दिले. भिंत उभी राहिली की परांची काढायची असते.

नळाच्या उपक्रमात पहिले मोजमाप वर्गात सर्वांसमोर करावे. दुसऱ्या वेळी अर्धवट भरलेला तक्ता द्यावा आणि तिसऱ्या वेळी कोरी वही. मधल्या दिवशी पाच मिनिटे 'कुठे अडले?' एवढे विचारले तरी पुरते.

शिक्षकांना एवढा वेळ आहे का?

हा आक्षेप खरा आहे. कायद्यानुसार उच्च प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३५ विद्यार्थी असू शकतात आणि त्यावर अशैक्षणिक कामांचे ओझे असते. म्हणूनच प्रकल्प कमी करावेत. सत्रात दहाऐवजी दोनच द्यावेत, पण ते वर्गातच, जोड्या करून पूर्ण होऊ द्यावेत. सोबती हाही आधारच असतो.

हे का महत्त्वाचे?

शाळेने न दिलेला आधार घराला द्यावा लागतो. ज्या घरात शिकलेले पालक, प्रिंटर आणि मोकळी संध्याकाळ आहे, तिथे तो मिळतो. ऊसतोड मजुराच्या किंवा दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईच्या मुलाला मिळत नाही. मग प्रकल्पाचे गुण घराच्या परिस्थितीला पडतात आणि प्रगतिपुस्तकावर ते मुलाच्या नावाने छापले जातात. म्हणून प्रकल्प देतानाच शाळेने एक ओळ लिहून द्यावी : मूल अडले तर शाळेत कोणाकडे, कधी जायचे. ती ओळ लिहिता येत नसेल, तर तो प्रकल्प देऊच नये.