सीमेपलीकडचा कादंबरीकार
१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आदिलाबादपासून तुटून मराठी मुलखात आला. वांकिडी पलीकडेच राहिली. ती आज तेलंगणात आहे, पण तिथल्या घरांतून मराठी गेलेली नाही. अशा गावच्या कादंबरीकाराने पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचे उंबरठे किती झिजवावेत? डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या किंडलवर मराठीला स्थान मिळाले आणि स्वतःचे ई-पुस्तक स्वतःच काढण्याची वाट खुली झाली. अमेरिकेच्या अँडी वीअरने ‘द मार्शियन’ २०११ मध्ये असेच ९९ सेंटला विकावयास ठेवले. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

या दाखल्याने आमच्या तरुणांनी हुरळून जाऊ नये. भारतात ७० टक्के मानधन हवे तर ते ई-पुस्तक ९० दिवस अन्यत्र ठेवता येत नाही. एरवी ३५ टक्केच. सावकार बदलला, एवढेच! (अटी आधी वाचावयास मिळतात, हे मात्र खरे.) शिवाय संपादन, मुद्रितशोधन, जाहिरात सारे लेखकाच्याच माथी. पोर्तुगीज अमदानीत मराठी जपलेल्या गोमंतकाला ही अडचण समजावून सांगावी लागू नये. संमेलनांचे मांडव घालणाऱ्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने सीमाभागातील अशा लेखकांना संपादक व मुद्रितशोधक पुरवावेत, अशी आमची मागणी आहे.