खाद्याची परीक्षा पिल्लांच्या यकृतावर नको

प्रति,
मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोंबडीखाद्यातील अफ्लाटॉक्सिनची सक्तीची तपासणी आणि करारावरील कुक्कुटपालकांना संरक्षण मिळण्याबाबत.

मंत्रिमहोदय,


मी नाशिक जिल्ह्यातल्या ब्रॉयलर शेतकऱ्यांसोबत काम करणारी पशुवैद्यक आहे. दिवाळीच्या आगेमागे नवा मका खाद्यात येऊ लागला की मला दर वर्षी एकाच तऱ्हेचे फोन येतात. ‘मॅडम, पिल्लांना वजनच येत नाही.’ ‘माल सारखा नाही, निम्मा बारीक राहिलाय.’ ‘लस वेळेवर दिली, तरी गंबोरो आलाच कसा?’ मर फार नसते, त्यामुळे साथ म्हणून कुठे नोंद होत नाही. बॅच जाते, हिशेब होतो, तोटा शेतकऱ्याच्या नावावर पडतो आणि नवी पिल्लं येतात. या तोट्यामागे अनेकदा खाद्यातली बुरशी असते. तिच्याबद्दल शासनाने काय करावे, हे सांगण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांवर वाढते. तिला ऊब आणि ओल लागते. आपला खरिपाचा मका निघतो तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. कणसे शेतात भिजतात, मळणी घाईत होते, खळ्यावर दोन उन्हे देण्याइतकीही उघडीप मिळत नाही. साठवणुकीच्या मक्यात ओल १३-१४ टक्क्यांच्या आत हवी. त्याहून ओला मका पोत्यात किंवा गोदामात थप्पीला लागला की आतून तापतो आणि बुरशी पसरते. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याच्या प्रकारांत बी-१ सर्वांत घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

या विषाचा शोधच पक्ष्यांच्या पिल्लांमुळे लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले कारण न कळता मेली. रोगाचे नावही ठरेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. तपास करता करता धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला आणि पेंडीतून या बुरशीपर्यंत. पुढे बदकाची पिल्ले या विषाला सर्वाधिक हळवी असतात हे लक्षात आले आणि खाद्य विषारी आहे का हे पाहण्यासाठी ते त्यांनाच खाऊ घालून पाहू लागले. तेव्हा दुसरे साधन नव्हते. आज पट्टीवर काही मिनिटांत होणारी चाचणी आहे, एलायझा आहे, नेमके प्रमाण सांगणारी एचपीएलसी यंत्रे आहेत. तरीही आपल्याकडे खाद्याची परीक्षा बहुतेक वेळा पिल्लांच्या यकृतावरच होते. ती तिथे होऊ नये, गिरणीच्या दारात व्हावी, एवढीच माझ्या पत्राची मागणी आहे. बाकीचे सारे तिचे तपशील.

पिल्लांचेच नुकसान जास्त का होते? पिल्लू वजनाच्या मानाने खूप खाते, त्यामुळे विषही त्याच मानाने जास्त पोटात जाते. यकृतातली विकरे या विषाचे रूपांतर आणखी घातक रूपात करतात. ते पेशींतल्या डीएनएला आणि प्रथिनांना चिकटते. यकृताचे प्रथिने बनवण्याचे काम मंदावते, वाढ खुंटते. रक्त गोठवणारे घटकही यकृतातच बनतात. ते कमी पडले की मांड्यांच्या आणि छातीच्या मांसात रक्ताचे डाग दिसतात. यकृत फिकट, पिवळसर, ठिसूळ आणि मोठे होते. पाय आणि तुरा पांढुरके पडतात.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पिल्लाची प्रतिकारशक्ती पहिल्या काही आठवड्यांत घडते. गुदद्वाराजवळची बर्सा नावाची ग्रंथी आणि मानेतली थायमस यांत ती घडते, आणि अफ्लाटॉक्सिन या दोन्ही आक्रसून टाकते. वजन घटलेले दिसावे इतके विष नसले तरी प्रतिकारशक्तीला धक्का बसलेला असू शकतो. याच दिवसांत आपण मानमोडीची आणि गंबोरोची लस देतो. शरीर लसीला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि पुढे रोग आला की शेतकरी लसीला दोष देतो, लस देणारा शेतकऱ्याला. सोबत ई. कोलाय आणि कॉक्सिडिया येतात. मग औषधांचा मारा सुरू होतो. त्यातली बरीचशी प्रतिजैविके असतात. खाद्यातल्या विषाची किंमत आपण अशी प्रतिजैविकांनीही मोजतो.

निदान सोपे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे यकृत पिवळेच असते, कारण अंड्यातल्या बलकाची चरबी ते शोषत असते. फिकट यकृत विषाणूच्या आजारातही दिसते. नुसते यकृत पाहून कुणी ‘खाद्यात विष होते’ म्हणाले, तर मीही ते मान्य करणार नाही. खाद्याचीच तपासणी हवी. पण लक्षणे दिसेपर्यंत ते खाद्य संपलेले असते. पोती रिकामी, नमुना कुणी ठेवलेला नाही, आणि पुढच्या गाडीतले खाद्य दुसऱ्याच मक्याचे. त्यामुळे दोष कुणाचा हे कधीच सिद्ध होत नाही.

हे सिद्ध न होण्याची किंमत कोण मोजतो, ते पाहावे. आपल्या राज्यातले बरेचसे ब्रॉयलर उत्पादन करारावर चालते. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची; शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणारे घर शेतकऱ्याचे. बॅच गेली की किलोमागे संगोपन खर्च मिळतो, आणि तो ठरतो एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेले खाद्य) व मरीवर. समजा, ५,००० पक्ष्यांची बॅच सरासरी २ किलोने गेली. एफसीआर १.६ ऐवजी १.७ आला, तर १,००० किलो खाद्य जास्त लागले, म्हणजे ५० किलोची २० पोती. हा फरक शेतकऱ्याच्या दरातून वळता होतो. ते खाद्य त्याने निवडलेले नव्हते, दळलेले नव्हते, तपासण्याचा अधिकारही त्याला नव्हता. कर्ज काढून शेड बांधलेल्या, पहाटे उठून भांडी धुणाऱ्या, रात्री ब्रूडरपाशी जागणाऱ्या कुटुंबाच्या कष्टांवर ‘व्यवस्थापन कमी पडले’ असा शेरा बसतो. हा अन्याय आहे.

मर्यादा ठरलेलीच आहे. भारतीय मानक ब्युरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात, आयएस १३७४ मध्ये, अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. म्हणजे एका टनात २० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. इतक्या अल्प विषासाठी डोळ्यांवर विसंबता येत नाही. मक्यावर बुरशी दिसली नाही म्हणून विष नाही असे होत नाही, कारण बुरशी मरून गेली तरी विष मागे राहते. पेलेट बनवताना वाफेची उष्णता बुरशीला मारते, पण विष त्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणून चकचकीत गोळीखाद्याचे पोतेही निर्धोक मानता येत नाही. खाद्यात बेंटोनाइटसारखी माती किंवा टॉक्सिन बाइंडर मिसळले, तर ते आतड्यात अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरून ठेवतात. पण टी-२ आणि ऑक्रॅटॉक्सिन या इतर बुरशीविषांवर याच मातीचा उपयोग फारच कमी होतो, आणि एका पोत्यात अनेकदा दोन-तीन विषे एकत्र असतात. बाइंडर घातले म्हणजे तपासणीची गरज संपली, असा समज बाजारात रुजू नये.

आता या प्रश्नात नवी भर पडली आहे. गेल्या काही वर्षांत मका इथेनॉलकडे वळला. त्याच्या कारखान्यांतून निघणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, स्वस्त प्रथिन म्हणून कोंबडीखाद्यात येऊ लागला आहे. इथेनॉल बनवताना मक्यातला स्टार्च निघून जातो, विष मात्र चोथ्यात उरते आणि मूळ मक्याच्या सुमारे तिप्पट होऊ शकते. माझा या चोथ्याला विरोध नाही. मका महागला की उत्पादकाला स्वस्त पर्याय हवाच. पण खराब म्हणून बाजूला काढलेला मका इथेनॉलला गेला आणि त्याचा चोथा पिल्लांच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे पहिल्या दिवसांच्या खाद्यात, आला, तर आपण ते विष गोळा करून सर्वांत कोवळ्या जिवापुढे ठेवले असे होईल.

हा प्रश्न केवळ कोंबड्यांपुरता नाही. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानात आणि आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांत, भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने आदिवासी गावांत कावीळ पसरली. १०६ माणसे दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. ज्या मक्यावर शेतकऱ्याचे पोट आहे, त्यावरच कोंबडीचे. खळ्यावर तो नीट वाळला तर दोघेही वाचतात.

हे लिहिताना मला ग्राहकाची काळजी आहे आणि अफवांची भीतीही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि २०२० च्या सुरुवातीला कोरोनाची खोटी भीती पसरली, तेव्हा चिकन खाणे लोकांनी सोडले आणि शेतकरी उद्ध्वस्त झाले. म्हणून स्पष्ट लिहिते : हे पत्र चिकन खाऊ नका असे सांगत नाही. खाल्लेले बरेचसे विष कोंबडीचे शरीर बाहेर टाकते आणि मांसात त्याचा फारच थोडा अंश उतरतो. मुख्य घाव पडतो तो पिल्लाच्या शरीरावर आणि पाळणाऱ्याच्या संसारावर. तपासणी सुरू झाली तर अफवांना जागाही कमी उरेल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, प्रत्येक खाद्यगिरणीने आत येणारा मका, पेंड आणि डीडीजीएस यांची, तसेच तयार खाद्याच्या प्रत्येक बॅचची तपासणी करावी. बॅच क्रमांक, तारीख आणि तपासणीत आढळलेले अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण पोत्यावर मराठीत छापणे सक्तीचे करावे. विष सगळ्या मक्यात सारखे पसरलेले नसते, काही दाण्यांतच ते साठलेले असते. त्यामुळे वरून एक मूठ उचलून केलेली तपासणी फसवी ठरते. गाडीच्या अनेक जागांतून नमुने घेऊन, एकत्र दळून मग तपासणी व्हावी, असा नियम स्पष्ट लिहावा.

दुसरी, नमुना राखून ठेवावा. खताचा नमुना घेताना निरीक्षक त्याचे तीन भाग करतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तीच पद्धत खाद्याला लावावी. गाडी उतरताना मोहोरबंद नमुन्याचा एक भाग शेतकऱ्याकडे, एक गिरणीकडे आणि एक पशुसंवर्धन विभागाकडे राहावा, बॅचचा हिशेब पूर्ण होईपर्यंत.

तिसरी, तपासणी शेतकऱ्याच्या आवाक्यात यावी. औंधची रोगनिदान प्रयोगशाळा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, मुंबई, परभणी, शिरवळ आणि उदगीरला आहेत. त्यांना या कामासाठी माणसे व रसायने द्यावीत, आणि जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयांत पट्टीवरची प्राथमिक चाचणी सुरू करावी. दोन दिवसांत अहवाल मिळाला तरच त्याचा उपयोग. पिल्लाचे आयुष्यच सहा आठवड्यांचे असते.

चौथी, करारात संरक्षण द्यावे. राखून ठेवलेल्या नमुन्यात विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, तर त्या बॅचच्या एफसीआर आणि मरीचा भार शेतकऱ्यावर टाकता येणार नाही, असे कलम प्रत्येक करारात असावे. शवविच्छेदनाचा अहवाल शेतकऱ्याला हातात मिळावा.

पाचवी, आणि मुळाशी जाणारी, मका वाळवण्याची सोय व्हावी. नाशिक, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर, जालना या मका पिकवणाऱ्या जिल्ह्यांतल्या बाजार समित्यांच्या आवारात सार्वजनिक ड्रायर हवेत. ओला मका आणणाऱ्याचा नुसता भाव पाडून प्रश्न सुटत नाही. तो मका कुणी तरी विकत घेतोच, आणि शेवटी तो पिल्लाच्या भांड्यात येतो. वाळवलेल्या मक्याला वरचा भाव दिसला, तर शेतकरी स्वतःच थांबेल.

परसातल्या कोंबड्यांसाठीही एक शब्द. माणसाने खाण्याजोगे न राहिलेले, कीड लागलेले, बुरशी आलेले धान्य कोंबड्यांपुढे टाकायची आपल्या घरांत पूर्वीपासूनची सवय आहे. त्यात वाया न घालवण्याची भावना असते, हे खरे. पण बुरशीचे धान्य पिल्लाला घालणे म्हणजे त्याचे यकृत जाळणे आहे, हे महिला बचत गटांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगायला हवे. त्याला फारसा खर्चही येत नाही.

मंत्रिमहोदय, यातले काहीही नवे संशोधन मागत नाही. मर्यादा ठरलेली आहे, चाचण्या उपलब्ध आहेत, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ राज्याचेच आहे. उणीव आहे ती आदेशाची आणि त्याच्या अंमलबजावणीची. येत्या खरिपाचा मका बाजारात येण्याआधी, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, पोत्यावर प्रमाण छापण्याचा आणि नमुना राखण्याचा आदेश काढावा. कुक्कुटपालक, खाद्य उत्पादक, पशुवैद्यक आणि विद्यापीठातील तज्ज्ञ यांची बैठक त्याआधी बोलवावी. आम्ही पशुवैद्यक त्यासाठी लागेल ते काम करायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
नाशिक जिल्ह्यातील एक पशुवैद्यक