खेळता खेळता : चढावर गाडी धापा का टाकते?

ओपनटीटीडी हा रेल्वे, बस, जहाजं चालवायचा खेळ फुकट मिळतो आणि मोबाइलवरही चालतो. १९९४ सालच्या ट्रान्सपोर्ट टायकूनवर तो बेतलेला आहे. सपाट नकाशावर सगळं सुरळीत चालतं. पण कोळशाची खाण टेकडीवर निघाली की भरलेली गाडी रांगायला लागते आणि मागच्या गाड्या अडकून पडतात.

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना याचं नवल वाटेल. कावेरीकाठचा तो मुलूख ताटासारखा सपाट. तिथून तंजावरला जाताना रुळांचा चढ जाणवतही नाही. मात्र मेट्टुपाळयमहून उटीच्या गाडीत बसलं की चढ म्हणजे काय ते कळतं. तिथे सर्वांत उभ्या भागात सुमारे १२ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवावी लागली.

खेळात रेल्वेचा चढ ठरावीक असतो, मूळ सेटिंगमध्ये ३ टक्के. म्हणजे साधारण ३३ मीटरला १ मीटर. आपला बोरघाट जवळपास तेवढाच, ३७ ला १. त्यामुळे खेळातली अडचण खोटी नाही.

यातली मेख अशी, की गाडीला मागे ओढतं ते चढावर असलेल्या डब्यांचंच वजन. १०० टन चढावर असतील, तर ३ टनांची ओढ मागे लागते. म्हणून चढाचे दोन चौकोन लागोपाठ ठेवू नका. नेहमीचे डबे एका चौकोनात दोन मावतात. दोन चौकोन सलग चढाचे असले, तर चार डबे एकदम चढावर येतात. मध्ये गाडीच्या लांबीइतका सपाट रूळ टाकला, तर एका वेळी दोनच. टेकडी तेवढीच, ओढ निम्मी. हा फरक दिसायला सेटिंगमध्ये रिअलिस्टिक ॲक्सेलरेशन निवडलेलं हवं.

आणखी दोन गोष्टी. चढाच्या पायथ्याशी सिग्नल ठेवू नका, कारण थांबलेल्या गाडीला वेग न घेताच चढायला लागावं लागतं. आणि पैसे असतील तर बोगदा काढा. कोकण रेल्वेने तेच केलं. सुमारे ९० बोगदे खोदून चढ १५० ला १ इतका सौम्य ठेवला.

बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढायचं होतं. वळण घ्यायला जागा नव्हती, तिथे गाडी एका टोकाला नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूला लावून उलट दिशेने वर काढत. खंडाळ्याजवळची ही सोय १९२९ पर्यंत होती. आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं जोडतात आणि वर लोणावळ्याला सोडतात. खेळात चढापुरतं असं इंजिन जोडता येत नाही. गाडीला पहिल्यापासूनच जास्तीचं इंजिन लावून ठेवा.

खेळात एक गोष्ट मात्र अजिबात नाही, ती म्हणजे उताराची भीती. तिथे गाडी मजेत खाली येते. खऱ्या घाटात उतरणं चढण्याहून अवघड. ब्रेक तपासायला गाडी मध्येच थांबवतात. एखादी हाताबाहेर गेलीच, तर तिला वळवायला चढणीचा आंधळा फाटा तयार असतो.

आणि खेळात डोंगर एका बोटाने सपाट होतो. बोरघाटात एके काळी ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते. कॉलरा, ताप आणि अपघात यांनी त्यांतले हजारो गेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पुण्याला जाताना बोगद्यात अंधार झाला की मुलांना हे जरूर सांगा.

या आठवड्याचा उद्योग : एकाच टेकडीवर दोन मार्ग बांधा, एक सलग चढाचा, एक टप्प्याटप्प्याचा. दोन्हींवर सारखीच गाडी सोडा आणि वर पोचताना वेग किती उरला, ते वहीत मांडा.