पल्स कोण मोजतो?

देशभर जाणारी पार्सले ज्या गावाच्या गोदामांतून सुटतात, त्या भिवंडीत हौशी माणसाला सीएनसी राउटरचे सुटे भाग मिळवणे फार अवघड नाही. अगदीच अडले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. सांगाडा उभा राहतो, स्पिंडल बसतो, आणि यंत्र संगणकाला जोडायचे कशाने इथे गाडी अडते. मग बहुतेक जण स्क्रीनकडे बघून ठरवतात: बटणे कुठल्या सॉफ्टवेअरची देखणी, थ्रीडी चित्र कुठे फिरते, मोबाइलवर काय चालते.

हे सगळे नंतर बघावे. आधी एवढेच विचारावे की मोटारीला सोडायचे पल्स मोजतो कोण?

नेहमीच्या स्टेपर मोटारीला एका फेरीला 200 स्टेप लागतात. ड्रायव्हर आठ पटीवर लावला की झाले 1600. स्क्रू 5 मिलिमीटर पिचचा असेल, तर एका मिलिमीटरला 320 पल्स. मिनिटाला 3 मीटर वेगाने बिट पळवायचा म्हणजे सेकंदाला 16,000 पल्स, तेही सारख्या अंतराने. हे काम विंडोजवर टाकले आणि ते पन्नास मिलिसेकंद दुसरीकडे गुंतले, तर 800 पल्स लटकले. वेगात असलेली मोटार गचका खाते, स्टेप चुकते आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारच्या गाळ्यातला जुना यंत्रमाग याबाबतीत जास्त शहाणा. बाण्याचा धागा तुटला की फोर्कला ते कळते आणि माग उभा राहतो. हौशी राउटर मात्र चुकलेल्या जागेवरून पुढची सगळी जाळी इमानाने कापत राहतो. एमडीएफची अख्खी शीट वाया गेल्यावर लक्षात येते.

मॅक3 या सॉफ्टवेअरच्या जमान्यात हे पल्स संगणकच मोजायचा आणि प्रिंटरच्या 25 पिनांच्या पॅरलल पोर्टातून सोडायचा. त्याला 32 बिटचे विंडोज लागे. भंगारातून आणलेल्या एक्सपीच्या डब्यावर ते अजूनही चालते, नाही असे नाही. पण लॅपटॉपला यूएसबी ते पॅरलल केबल लावून तेच साधेल, या आशेवर कुणी पैसे घालवू नयेत. ती केबल प्रिंटरशी बोलायला केलेली. एकेक पिन हव्या त्या क्षणी वर-खाली करणे तिच्या आवाक्यात नाही. लिनक्ससीएनसीची गोष्ट वेगळी. त्याचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतले, ते रिअल-टाइम कर्नलवर चालते आणि म्हणून वेळ पाळते. फुकट आहे, भक्कम आहे. फक्त शिकायला रविवारच्या रविवार मागते.

मोजणीचे काम संगणकाच्या डोक्यावरून उतरवले ते बोर्डावरच चालणाऱ्या जीआरबीएलने. 2009 साली सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ते लिहायला घेतले आणि 16 मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो उनोवर ते सेकंदाला 30,000 पल्सपर्यंत मजल मारते. वरच्या हिशेबाला पुरून उरते. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. पण दुबळी जागा आहे ती यूएसबीच्या तारेची. पल्स बोर्ड मोजत असला तरी हुकमांच्या पुढच्या ओळी त्याच तारेतून येत असतात. बाजूला स्पिंडलचा वेग बदलणारा व्हीएफडी, त्याची केबल शील्डची नाही, अर्थिंग नावापुरते, आणि भिंतीपलीकडे मागांच्या मोटारी चालू-बंद होताहेत. यूएसबीत संगणक आणि बोर्ड यांची ग्राउंड एकच असते, त्यामुळे हा सगळा विजेचा गोंगाट आत शिरतो आणि ऐन कामात कनेक्शन तुटते. इथरनेटच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो. दोन्ही बाजू विजेने वेगळ्या राहतात. इथरनेटचा कंट्रोलर चार पैसे जास्त घेतो, पण भिवंडीसारख्या वस्तीत ते पैसे स्पिंडलच्या वॅटेजवर उधळण्यापेक्षा इथे घालावेत.

आणि ज्याला संगणकाशी खेळायचेच नाही, फक्त देव्हाऱ्याची जाळी कापायची आहे, त्याने फर्निचरवाल्यांकडे बघावे. ते रिचऑटोचा ए11 हा कंट्रोलर वापरतात. त्यांच्या भाषेत नुसता ‘डीएसपी’. फाइल पेनड्राइव्हवर, हँडल हातात, संगणक घरी. हौशी मंडळी त्याला नाक मुरडतात, कारण त्यात उघडून बघण्यासारखे काही नाही. आमच्या मते वीज मध्येच जाणाऱ्या गाळ्यात त्याच्याइतका व्यवहारी पर्याय नाही: काम कुठे थांबले ते तो लक्षात ठेवतो. मात्र वीज जाताना मोटारी जागेवरून किंचित सरकतात, तेव्हा आधी होम करून, म्हणजे यंत्र शून्याच्या जागी नेऊन, मगच पुढचे काम सोडावे. ही पायरी घाईत गाळणारे पुष्कळ आहेत.

इंटरफेस कुठलाही घ्या, लाल इमर्जन्सी बटण त्याच्या भरवशावर ठेवू नये. कित्येक जण ते बोर्डाच्या एका इनपुटला जोडून मोकळे होतात, म्हणजे बोर्ड अडकला की बटणही अडकले. बटणाची तार थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून न्यावी. बटण दाबले की स्पिंडल आणि ड्रायव्हर दोघांचाही पुरवठा तुटला पाहिजे, मग स्क्रीनवर काहीही दिसत असो.