पिचकारी आणि पाठ्यपुस्तक

रंगपंचमी ओसरली की घरोघरच्या पिचकाऱ्या माळ्यावर जाऊन पडतात. वस्तुतः त्यांची खरी जागा शाळेच्या विज्ञानवर्गात आहे. हवेच्या दाबाची व्याख्या अचूक लिहून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थीही, पिचकारीत पाणी का चढते असे विचारताच, ‘दट्ट्या ते ओढतो’ असे बिनदिक्कत सांगतो. हे उत्तर चूक आहे. मात्र ते चूक आहे, हे केवळ सांगून त्याला पटणार नाही. ते त्याने स्वतः पाहिले पाहिजे.

त्यासाठी लागणारे साहित्य अगदीच किरकोळ आहे. जाड काचेची लहान बाटली पाण्याने काठोकाठ भरावी. घट्ट दट्ट्याच्या पिचकारीचे तोंड तीत बुडवून भोवतालची फट मेणाने पक्की बुजवावी. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. मग दट्ट्या ओढावा. पाणी जवळजवळ चढतच नाही, आणि हात सोडताच दट्ट्या मागे जातो. आता मेणाला दाभणाने बारीकसे छिद्र पाडावे, की तेच पाणी सुरळीत वर येऊ लागते. हात तोच, दट्ट्या तोच, पाणीही तेच. बाहेरच्या हवेला तेवढी वाट मिळाली. दट्ट्या पाणी ओढीत नाही, तो केवळ जागा मोकळी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आपली भाषाच येथे दिशाभूल करते. ‘ओढणे’, ‘शोषणे’ ही क्रियापदे श्रेय भलत्यालाच देऊन टाकतात.

ही चूक केवळ मुलांचीच आहे असे नाही. निसर्गाला पोकळीचा तिटकारा असल्यामुळे पाणी वर चढते, असे युरोपातील विद्वान शतकानुशतके मानीत आले. परंतु शोषपंपाने पाणी सुमारे दहा मीटरांपलीकडे चढत नाही, हा विहिरींवरील कारागिरांचा अनुभव होता. १६४३ मध्ये टॉरिचेली याच्या कल्पनेनुसार नळीत पारा भरून पाहण्यात आला. तो सुमारे ७६ सेंटिमीटरवर स्थिरावला. १६४८ मध्ये पास्कालच्या सूचनेवरून त्याच्या मेहुण्याने तीच नळी प्वी द दोम या डोंगरावर नेली, तेव्हा माथ्यावर पारा खाली उतरलेला आढळला. वर हवा विरळ, म्हणून तिचा दाब कमी. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका हा भार आपण जन्मभर वाहतो, आणि तो आपल्याला जाणवतही नाही.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. वर्ग भरगच्च, अभ्यासक्रम लांबलचक, प्रयोगशाळा असलीच तर कुलूपबंद, आणि परीक्षेत विचारली जाते ती व्याख्याच! अशा स्थितीत पिचकारी घेऊन बसण्यास सवड कोठून काढावी, हा प्रश्न गैर नाही. परंतु साधनांच्या अभावाची सबब आता टिकणारी नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यापाड्यांतील शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविता येते हे दाखवून दिले. २००२ मध्ये तो शासनाने बंद केला, यात दोष त्या पद्धतीचा नव्हता. त्याच परंपरेतील अरविंद गुप्ता यांनी पुण्यात टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी करून दाखविली. उणीव आहे ती परीक्षेच्या मनोवृत्तीची. जे मोजले जात नाही, ते शिकविले जात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्याला काही अर्थ यावयाचा असेल, तर स्वतः करून पाहिल्यावाचून ज्याचे उत्तर देता येणार नाही, असा एक तरी प्रश्न प्रश्नपत्रिकेत असावयास हवा. प्रयोग फसण्याचेही भय बाळगू नये. मेण सुटले, हवा आत शिरली, तर ती कोठून शिरली याचा शोध हादेखील विज्ञानाचाच पाठ होय.

हा प्रश्न केवळ एका धड्यापुरता नाही. छापलेले वाक्य तपासल्यावाचून स्वीकारण्याची सवय शाळेत लागली, की पुढे नागरिक झाल्यावर अफवाही तशीच स्वीकारली जाते. ही सवय मोडण्यास दोन-चार रुपयांचे मेण आणि एक जुनी पिचकारी उपयोगी पडत असेल, तर तिला माळ्यावरून खाली काढण्यास रंगपंचमीची वाट का पाहावी?