लग्न एकदाच, किराणा दर महिन्याला

आमच्या खुलताबाद तालुक्यात लग्नाचा मुहूर्त पंचांगात नंतर बघतात, आधी कापसाचा आणि अद्रकाचा भाव बघतात. भाव चढा असला की दिवाळीनंतर सुपारी फुटते. पडला, तर “पोरीचं शिक्षण होऊ द्या की” अशी समजूतदार भाषा सुरू होते. नोकरदारांच्या घरी अद्रकाच्या जागी महागाई भत्त्याची थकबाकी असते, एवढाच फरक. हातात पैसा येण्याची वेळ साधून कार्य काढणं शहाणपणाचंच आहे. घोटाळा पुढे होतो. आलेला सगळा पैसा लग्नाचाच, असं घर धरून चालतं. त्याच पैशातून बियाणं, पोराची फी, सासूबाईंची बीपीची गोळी आणि सोसायटीचा भरणाही निघायचा होता, ही आठवण बस्ता बांधताना कुणालाच नको असते.

ती मी करून देते. म्हणून घरातल्या कार्यात वही माझ्याकडे असते, आणि तिच्याबरोबर येणारी नावडही. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत दीर म्हणाले, “वहिनी, लग्न काय रोज होतं का? एकदाच होतं.” मी म्हटलं, “खरंय भाऊजी, पण किराणा दर महिन्याला भरावा लागतो.” ते हसले. नंतर फेटे किती सांगायचे हे मात्र त्यांनी मला विचारलं नाही.

गंमत अशी की हाच निवाडा दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या दप्तरात नोंदला गेला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले, त्यांनी कर्जाचे कागद जाळले. दंगे पुणे-नगरकडच्या गावांत पसरले आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, असं अनेक साहेबांचं निदान तयारच होतं. आयोगाने ते मान्य केलं नाही. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असतो हे खरं, पण तो प्रसंग क्वचित येतो. कर्ज फुगतं ते धान्य, बी-बियाणं, बैल आणि शेतसारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढलेल्या लहान रकमांनी, असं त्या अहवालाचं म्हणणं. आपण तेव्हा निजामाच्या अमलात, त्यामुळे आयोग इकडे काही फिरकला नाही. निष्कर्ष मात्र आमच्या गल्लीला आजही लागू आहे. लग्नाने घर एकदम खचत नाही. लग्न त्या लहान रकमांची सोय खाऊन टाकतं, आणि मग प्रत्येक लहान रक्कम उसनी आणावी लागते.

आपलं वर्षही असं बेतलेलं आहे की सगळं एकमेकांवर येऊन आदळतं. ३१ मार्चला सोसायटीत पीक कर्जाचं नवं-जुनं, वैशाखात लग्न, जूनमध्ये पेरणी आणि शाळा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज पडत नाही. राज्यात याहून स्वस्त पैसा शेतकऱ्याला कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही. आणि मार्चमध्ये ‘आता कार्य आहे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून नेमका तोच थकवला जातो. सवलत जाते, थकबाकीदाराला जूनमध्ये नवं कर्ज मिळत नाही, आणि माणूस बियाण्यासाठी ‘तीन टक्क्यांनी’ पैसे उचलतो. हे तीन टक्के महिन्याचे. लाखाला महिन्याचे ३,०००, वर्षाचे ३६,०००. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, असं राज्य सरकारने २०१४ मध्ये ठरवून दिलंय. पण अडलेला माणूस परवाना बघायला मागत नाही.

भिशी उचलून लग्न करणाऱ्यांना वाटतं, आपण कर्ज काढलंच नाही. भिशी लवकर उचलली की उरलेले सगळे हप्ते महिन्याच्या खर्चातूनच जायचे असतात. तेही कर्जच, फक्त ओळखीच्या बायकांचं. आहेराचंही तेच. वहीत लिहिलेला प्रत्येक आहेर कधीतरी परत करायचा असतो, म्हणून तो जमेला धरून आचाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. निकाह असो की लग्न, वलीमा असो की पंगत, आमच्या गावात हे गणित सगळ्या मोहल्ल्यांत सारखंच चुकतं.

आणि गाव कोणतं, तर औरंगजेबाच्या कबरीचं. त्याच्याविषयी मराठी माणसाच्या मनात जे आहे ते असू द्या. त्याच्या थोरल्या भावाचं, दाराचं, १६३३ मधलं लग्न ३२ लाख रुपयांचं झालं होतं. याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात दोन लहानशा रकमा आहेत: टोप्या शिवून मिळालेले ४ रुपये २ आणे कफनासाठी, कुराण लिहून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटण्यासाठी. एका कामाचे पैसे दुसऱ्याला लावायचे नाहीत. दख्खनच्या मोहिमेत साम्राज्याचा खजिना रिकामा करणाऱ्याला एवढी शिस्त शेवटच्या तीनशे नऊ रुपयांना का होईना, पण सुचली.

पुतणीच्या लग्नात आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. सोसायटीचा भरणा, पेरणीचा खर्च, दोघांच्या फिया आणि दिवाळीपर्यंतचा किराणा आधी जाऊबाईंच्या खात्यात वेगळा टाकला. उरलं ते लग्नाचं. मग डीजे गेला, प्री-वेडिंगचं शूटिंग गेलं, साखरपुडा आणि हळद एकाच दिवशी बसली. पंगतीला मी हात लावू दिला नाही. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात पोटभर. माणसं जेवून जातात ते लक्षात ठेवतात, आणि तिथे काटकसर करणारा यजमान मला तरी आवडत नाही. व्याह्यांनी कुरकुर केली का? केली. मानपानाच्या साड्यांवरून दोन दिवस फोन बंद होते. जूनमध्ये सरकी वेळेवर पेरली गेली, तेव्हा त्याविषयी कुणी फोन केला नाही.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या दारी मांडव पडणार आहे, त्यांनी बस्त्याला निघण्याआधी सोसायटीच्या सचिवाला एकदा भेटावं, ३१ मार्चपर्यंत नेमके किती भरायचे ते विचारावं आणि तेवढे पैसे त्याच दिवशी बाजूला काढावेत.