विज्ञानवार्ता : पेशींच्या शेजारधर्माचा हिशेब

अर्बुदाच्या केसाहून पातळ कापावर तीन-चार चमकते रंग चढवावयाचे, छायाचित्र घ्यावयाचें, रंग विझवून दुसरे चढवावयाचे; अशा आवर्तनांनीं एकाच कापांत ४० वर प्रथिनें दिसूं शकतात. हीं चित्रें सांधून, प्रत्येक पेशीची सीमा आंखून आंतील रंग मोजणारी 'एमसीमायक्रो' ही संगणकप्रणाली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयांतील संशोधकांनीं सहकाऱ्यांसह २०२२ सालीं प्रसिद्ध केली. मेख आहे ती सीमेंत. ती किंचित् चुकली कीं शेजारणीचा रंग हिच्या खातीं जमा होतो. मग अर्बुदाची पेशी व तिच्याशीं झुंजणारी पेशी मिळून, शरीरांत नसलेली तिसरीच कोष्टकांत अवतरते! (एकत्र कुटुंबाच्या हिशेबांत असा घोळ वाचकांस अपरिचित नसावा.) म्हणून यंत्राच्या रेषा मूळ चित्रावर ठेवून माणसासच डोळ्यांनीं तपासाव्या लागतात.